तिसऱ्या भागाची रात्र

आमच्या चित्रपट मंडळाचा वार्षिक मेळावा म्हणजे तीन सिनेमे, एक भांडण आणि आभारप्रदर्शन. आभार कुणी ऐकले असतील तर शप्पथ, कारण तोवर भांडण ऐन रंगात आलेलं असायचं.

क्रम ठरलेला होता, अंतराळातल्या राक्षसाच्या एकाच मालिकेतले तीन भाग. दुपारी 'एलियन', संध्याकाळी 'एलियन्स', आणि रात्री, पोरंसोरं पेंगायला लागल्यावर, 'एलियन ३'. दर वर्षी सर्वसाधारण सभेत कुणीतरी 'आता विषय बदलावा' असा ठराव मांडायचा आणि तो पडायचा. एकदाच मंजूर झाला. त्या वर्षी आम्ही सगळ्यांना आवडणारे तीन सिनेमे लावले. सगळ्यांना ते पुन्हा एकदा आवडले आणि साडेनऊला सभागृह रिकामं. सचिव कुलूप लावता लावता म्हणाले, "असला मेळावा काय कामाचा? कुणी कुणाला मूर्ख म्हणालं नाही." पुढच्या वर्षी एलियन परत आला.

खिडक्यांना काळं कापड लावायचं काम माझ्याकडे असे. कापड दोन वीत अपुरं होतं, दर वर्षी तेवढंच अपुरं. मग उजव्या खिडकीच्या कोपऱ्यातून दिव्याची एक तिरीप आत यायची आणि पडद्यावरच्या अंतराळात एक जादाचा तारा चमकायचा. जुन्या सभासदांना त्या ताऱ्याची इतकी सवय झाली होती की एका वर्षी कापड पुरेसं मिळालं तेव्हा दोघांनी तक्रार केली.

पहिल्या सिनेमाला वाद नसायचा. १९७९चा रिडली स्कॉटचा 'एलियन' सगळे देवळात बसल्यासारखे बघायचे. दुसरा, १९८६चा जेम्स कॅमेरॉनचा, म्हणजे जल्लोष. नायिका रिप्ली त्या माल उचलायच्या अजस्र यंत्रात चढून दार उघडते तेव्हा शिट्ट्या व्हायच्या, आणि शेवटी रिप्ली, तिने वाचवलेली छोटी न्यूट, जखमी सैनिक हिक्स आणि अर्धा उरलेला यंत्रमानव बिशप झोपेच्या पेट्यांमध्ये निजले की सभागृहात एक उबदार शांतता पसरायची. दिवे लागायचे. लोक एकमेकांकडे बघून हसायचे. आपलीच मुलगी सुखरूप घरी आल्यासारखे चेहरे असायचे सगळ्यांचे.

आणि मग तिसरा. १९९२चा. श्रेयनामावली संपायच्या आत यानाला आग लागलेली असते, सुटकेची कुपी एका तुरुंगग्रहावर आदळलेली असते, न्यूट बुडून आणि हिक्स छातीत तुळई घुसून मेलेले असतात. संध्याकाळी अडीच तास जीव मुठीत धरून जे वाचवलं, ते रात्री अडीच मिनिटांत गेलं. न निरोप, न झुंज. हिक्सचा तर फक्त फोटो दिसतो संगणकावर.

इथे खुर्च्या सरकायला लागत. आमच्याकडे प्रघातच पडला होता: ज्यांना हा विश्वासघात वाटतो ते डावीकडे, ज्यांना ही शोकांतिका वाटते ते उजवीकडे. डावे 'घातवाले', उजवे 'भट्टीवाले'. भट्टी का, ते सांगतो पुढे.

घातवाल्यांच्या म्होरक्या म्हणजे आमच्या खजिनदार ताई. हिशेबात एक पैसा इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या. त्यांचं म्हणणंही हिशेबीच. दुसऱ्या सिनेमाची पुढे जी लांब प्रत आली, तिच्यात रिप्लीला कळतं की ती सत्तावन्न वर्षं झोपलेली असताना तिची स्वतःची मुलगी म्हातारी होऊन वारली. अकराव्या वाढदिवसाला घरी येईन असा शब्द दिला होता तिला. म्हणजे न्यूट नुसती कुणी पोर नव्हे, तो चुकलेला शब्द पाळायची दुसरी संधी. त्यासाठी ती एकटी त्या राक्षसिणीच्या वारुळात परत उतरते. "एवढं सगळं जमेला मांडलं," ताई म्हणायच्या, "आणि पुढच्याने येऊन पानच फाडलं."

न्यूटच्या शवविच्छेदनाचा प्रसंग सुरू झाला की ताई उठायच्या. दर वर्षी. पर्स खुर्चीवर ठेवून बाहेर व्हरांड्यात जायच्या. मुलीच्या शरीरात त्या राक्षसाचं पिल्लू वाढत नाही ना, एवढीच रिप्लीला खात्री करून घ्यायची असते, पण खरं कारण ती डॉक्टरला सांगू शकत नाही. पटकीचं निमित्त काढते. कॅमेरा बराच वेळ तिच्या चेहऱ्यावर असतो. दिसतं त्याहून जास्त ऐकू येतं. माझ्या मते सबंध मालिकेतला सर्वांत भयंकर प्रसंग हाच, आणि त्यात राक्षस नाही. पण ताईंच्या रिकाम्या खुर्चीवरची ती पर्स बघत हे मत मांडायचा धीर मला बरीच वर्षं झाला नाही.

भट्टीवाल्यांचं उत्तर सरळ होतं. या गोष्टीने सुखाचा शब्द दिलाच कधी होता? पहिल्या सिनेमात सात माणसांतली एक उरली, अन् एक मांजर. दुसऱ्याने बंदुका आणल्या, पलटण आणली, कुटुंब आणलं. तो अपवाद होता. तिसरा मूळपदावर आला. एकच प्राणी, एकही शस्त्र नाही, आणि डोकी भादरलेले पंचवीसेक कैदी, ज्यांनी त्या ओसाड जागी देव शोधलाय. भादरलेली का, तर उवा. रिप्ली झालेल्या सिगर्नी वीव्हरनेही केस काढले. सुंदर दिसते ती, आणि उघडी पडल्यासारखीही.

देव कुठून आला यावर आमचे सचिव अर्धा तास बोलू शकत आणि बोलतच. व्हिन्सेंट वॉर्ड नावाच्या दिग्दर्शकाने आधी एक वेगळीच गोष्ट रचली होती: लाकडाचा ग्रह, आणि त्यावर राहणारे संन्यासी. पुढे वॉर्ड गेला, लाकूड गेलं, संन्याशांचे कैदी झाले. प्रार्थना तेवढी राहिली. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा पटकथा पुरी नव्हती. दिग्दर्शक होता डेव्हिड फिंचर, वय अठ्ठावीस, पहिलाच चित्रपट. छायाचित्रकार आजारपणामुळे सुरुवातीलाच बदलावा लागला. आणि वर, पहिल्या जाहिरातीत प्रेक्षकांना सांगून बसलेले की या वेळी राक्षस पृथ्वीवर येणार! म्हणजे लोक एका सिनेमाची वाट बघत होते, कागदावर दुसराच होता आणि पडद्यावर आला तिसरा. "भांडण व्हायचंच होतं," असं म्हणून सचिव बसायचे. बसायचे म्हणजे खुर्ची अगदी मधोमध ठेवून. सचिवांना पक्ष घेता येत नाही म्हणे.

२००३ साली चारही सिनेमांचा डीव्हीडी संच निघाला, त्यात तिसऱ्याची अर्ध्या तासाने लांब प्रत होती. फिंचर त्या कामातही सहभागी झाला नाही. त्याने या सिनेमाशी नातं केव्हाच तोडलं होतं. आम्हाला वाटलं, ही प्रत लावली की वाद मिटेल. ज्याच्या अंगातून तो प्राणी बाहेर येतो, त्या कुत्र्याच्या जागी बैल आला. कैदी त्या प्राण्याला एकदा खरोखर कोंडतात आणि त्यांच्यातलाच गोलिक नावाचा भ्रमिष्ट त्याला सोडून देतो, हा मूळ प्रतीतून उडालेला भागही आला. बघून झालं आणि सभागृहात तिसरा पक्ष निघाला: 'आखूड वाईट, लांब चांगला'वाले. त्यांना बसायला मागे बाक टाकावे लागले.

माझं स्वतःचं दुखणं वेगळंच होतं. न्यूटचं मरण मी पचवलं. पण चार्ल्स डान्सने केलेला तो डॉक्टर क्लेमेन्स! जुना गुन्हा मनात घेऊन वावरणारा, सभ्य, थकलेला माणूस. नाव-गाव-भूतकाळासकट आपल्या ओळखीचा होणारा तिथला जवळजवळ एकटाच, आणि त्याने आपली हकीकत सांगून संपवली, की लगेच मारून टाकतात त्याला. त्यानंतर कोण धावतंय आणि कोण मरतंय याचा पत्ता लागत नाही. सगळे टकले, सगळे एकाच रंगाच्या कपड्यात, सगळे एकच शिवी देणारे. एका वर्षी मी कागदावर कैद्यांची नावं लिहून मेलेल्यावर फुली मारत बसलो. शेवटच्या पाठलागात दारं धडाधड बंद व्हायला लागली आणि माझ्या कागदावर एकाच माणसाला दोन फुल्या पडल्या. डिलन तेवढा न चुकता ओळखता आला. तो चार्ल्स डटनच्या आवाजामुळे. लोक न्यूटवरून भांडतात म्हणून या खऱ्या दोषाकडे कुणाचं लक्षच जात नाही, असं मी दर वर्षी म्हणायचो. दर वर्षी दोन्ही बाजू मला गप्प बसवायच्या.

आता भट्टी. न्यूट आणि हिक्स यांचे गुंडाळलेले देह कैदी भट्टीत सोडतात, डिलन प्रार्थना म्हणतो, आणि त्याच वेळी दुसरीकडे तो प्राणी जन्माला येतो. शेवटी रिप्लीला कळलेलं असतं की राक्षसांच्या राणीचा गर्भ तिच्याच छातीत आहे. तो जीव हवा असलेल्या कंपनीची माणसं समोर गोड बोलत उभी असतात, आणि ती हात पसरून मागच्या मागे आगीत झेपावते. उजवीकडच्यांचा सगळा जीव या झेपेत. एकदा त्यांच्यातला एक जण आवेशात म्हणाला, "घातवाल्यांना हे कळतच नाही!" ताई नुकत्याच व्हरांड्यातून आत आलेल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मुलीला जिथे टाकलं तिथेच आई उडी घेते. कळतं हो मला. कळतं म्हणूनच राग येतो." त्या दिवशी आभारप्रदर्शन ऐकू आलं.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी एक नवा मुलगा मंडळात आला. पहिल्या खेपेला उशिरा पोचला आणि त्याने फक्त तिसराच सिनेमा पाहिला. न्यूट कोण, हिक्स कोण, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला फारच आवडला. "ही बाई एवढी रडते त्या अर्थी पोर तिची लाडकी असणार, बास, आणखी काय कळायला हवं?" म्हणाला. भट्टीवाल्यांनी त्याला जवळजवळ खांद्यावर घेतलं. हा खरा निःपक्षपाती प्रेक्षक, मागचं ओझं नसलेला.

पुढच्या वर्षी तो दुपारपासून बसला. मी कडेच्या खुर्चीवर होतो, मला तो दिसत होता. 'एलियन्स'मध्ये रिप्ली त्या मळकट पोरीचं तोंड ओल्या फडक्याने पुसते, आणि एवढ्या घाणीखाली एक छोटी मुलगी असेल असं वाटलं नव्हतं, असं काहीसं पुटपुटते. साधा प्रसंग. सगळे मंद हसत होते. याने मान खाली घातली. शेवटी यंत्रात चढलेल्या रिप्लीला शिट्ट्या पडल्या तेव्हाही याचे हात मांडीवरच. दिवे लागल्यावर तो थेट ताईंकडे गेला.

"ताई, मला आख्खा सिनेमा बघताच आला नाही. ती वाचली की मला दिसत होतं, आता ही बुडणार. आधीचासुद्धा बिघडवला की त्याने."

"अरे, तेच तर मी दहा वर्षं सांगतेय," ताई म्हणाल्या. पण जिंकल्यासारख्या नाही म्हणाल्या. पर्स उघडून उगाच काहीतरी शोधायला लागल्या.

रात्री तिसरा लागला. मुलगा कुठे बसतो याकडे दोन्ही बाजूंचं लक्ष होतं. तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला. शवविच्छेदन आलं, ताई उठल्या, त्यांच्या मागोमाग तोही गेला. दार लोटलेलं होतं, तरी बाहेरून त्यांचं बोलणं अधूनमधून ऐकू येत होतं. बहुधा तो विचारत होता की शेवटची उडी बघायला आत यावं की नको.

पुढल्या मेळाव्याला मी कापड लावत असताना सचिवांनी हाक मारली. म्हणाले, ते नंतर लाव, आधी व्हरांड्यात दोन खुर्च्या नेऊन ठेव.