सत्तरीच्या रानातला कोट: पडका किल्ला कसा वाचायचा

नाणूसचा किल्ला पाहायला निघालेले बरेच जण किल्ल्यावर उभे राहूनच विचारतात, किल्ला कुठे आहे? गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ असलेल्या या कोटाचं नाव तिथल्या इतिहासात मोठं आहे. २६ जानेवारी १८५२ रोजी दिपाजी राण्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि इथूनच पुढची तीनेक वर्षं त्यांचं बंड चाललं. पण आग्वाद किंवा शापोऱ्याचे तट डोळ्यांत साठवून जो इथे येतो, त्याला झाडं, पाचोळा आणि जमिनीचे उंचवटे एवढंच दिसतं. रानातला किल्ला उभा नसतो, तो जमिनीत वाचावा लागतो, आणि वाचायला यावा म्हणून आधी तो पडतो कसा हे ठाऊक हवं.

आपल्याकडचे तट जांभ्याचे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो आणि वारा-ऊन लागून घट्ट होतो. म्हणून तो सगळीकडे वापरला गेला. पण अख्खा तट घडीव चिऱ्यांचा कधीच नसतो. बाहेरची आणि आतली अशा दोन भिंती नीट तासलेल्या चिऱ्यांच्या आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व माती. नेवरीसारखंच (करंजीसारखंच), वरची पारी फुटली की सारण बाहेर. घरासाठी, गोठ्यासाठी, बांधासाठी गावकरी आधी हे घडीव चिरे काढून नेतात, कारण ते आयते मिळतात. त्यानंतर वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस उघड्या पडलेल्या मातीवर कोसळतो. काही पावसाळ्यांत तटाचा नुसता गवताळ वरवंडा, म्हणजे मातीचा लांबट उंचवटा होतो. सत्तरीत तुम्हाला शोधायचा असतो तो हाच वरवंडा.

तो तटाचाच आहे हे ठरवायचं कसं? पहिली खूण रुंदी. शेताचा किंवा बागायतीचा गडगा दगडावर दगड नुसता रचलेला असतो आणि जाडी बहुधा हातभरापासून मीटरभरापर्यंत. तटाचा गाभा दोन मीटरच्या पुढे जातो आणि ढासळल्यावर दोन्ही बाजूंना आणखी पसरतो. दुसरी खूण म्हणजे तो वळतो कसा. गडगा जमिनीच्या हद्दीप्रमाणे वाकडातिकडा जातो. तट टेकडीच्या कडेचा चढ धरून जातो आणि कोपऱ्यावर मातीचा जास्त मोठा, बाहेर फुगलेला ढीग असतो. तो बुरूज. ढीग गोल फुगलेला असेल तर देशी बांधणीचा अंदाज करा, टोकदार कोन दिसला तर पोर्तुगीजांचा हात लागलेला असण्याची शक्यता जास्त, कारण तोफांच्या लढाईसाठी ते कोनाचे बुरूज बांधत. अर्थात ही एकच खूण पुरावा नव्हे. किल्ले हात बदलत आणि नवा मालक आपल्या सोयीने बांधकाम बदलत असे.

सगळ्यात जास्त फसवते ती चिरेखाण. खोल, सरळ कडांचा खड्डा दिसला की लोक 'खंदक' म्हणून फोटो काढतात. खंदक तटाला समांतर, जवळपास सारख्या अंतरावरून पुढे जातो. चिरेखाण चौकोनी, मध्येच संपणारी, आत पायऱ्यापायऱ्यांची असते. गंमत अशी की कित्येकदा खंदक हीच पहिली चिरेखाण असते, कारण त्यातलाच दगड तटाला वापरला जातो. मग कडांवरच्या हत्यारांच्या खुणा बघा. हाताने तासलेल्या दगडावर आखूड, तिरप्या, असमान घावांच्या ओळी असतात. यंत्राच्या पात्याचे गोल ओरखडे दिसले तर ती अलीकडची खाण.

दुसरा उपयोगी पुरावा कौलांचा, आणि तो फारच कमी लोक बघतात. जुनं कौल नळीचं, अर्धगोल, हाताने थापलेलं, जाडी सगळीकडे सारखी नसलेलं. चपटं, खाचांचं, मागे कारखान्याचं नाव उमटवलेलं कौल मंगलोरी. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, त्यामुळे पडझडीत मंगलोरी कौलांचे तुकडे मिळाले तर ते छप्पर निदान त्यानंतरचं. नाणूसच्या बाबतीत हे महत्त्वाचं, कारण दिपाजींचं बंड १८५२ चं आहे. मंगलोरी तुकड्यांवरून त्यांच्या काळातल्या खोलीची कल्पना करत बसू नये. तुकडा हातात घ्या, बघा, फोटो काढा आणि होता तिथेच ठेवा. खिशात गेलेल्या तुकड्याला जागा उरत नाही, आणि जागेशिवाय तो काहीच सांगत नाही.

झाडंही बोलतात. वड, पिंपळ, उंबर भिंतीच्या फटीत रुजतात, म्हणून सपाट रानात एका रेषेत तीन-चार उंबर दिसले तर खाली बांधकाम आहे का ते तपासा. जुना चाफा, तुळशीवृंदावनाचा चौथरा किंवा चिंच दिसली तर तिथे वस्ती किंवा देवस्थान असणार. काजू मात्र काही सांगत नाही, तो सगळीकडेच आहे. रानमोडी आणि घाणेरी ही झुडपं माजलेली जागा म्हणजे कधीतरी मोकळी केलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं एकदम नाणूसला जाऊन कळत नाही, म्हणून माझा आग्रह असा की आधी पेडण्यातला हळर्णचा किल्ला पाहा. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा कोट शापोरा नदीकाठी आहे. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्केस द काश्तेलु नोव्हु याने तो घेतला आणि त्या विजयावरून त्याला 'मार्केस द आलोर्ना' (आलोर्ना म्हणजे हळर्ण) ही पदवी मिळाली. अलीकडे किल्ल्याची डागडुजी झाली आहे. तिथे तट, बुरूज, दरवाजा, आतली जागा यांची एकमेकांशी असलेली मांडणी डोळ्यांत बसते: दरवाजातून शिरल्यावर किती पावलांवर वळण येतं, तटावर चढायला जिने कुठे आहेत, वर फांजीची, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेची रुंदी किती. पावलं मोजून वहीत लिहा. कोनाचे बुरूज बघायचे तर हळदोण्याजवळचं खोर्जुवें. तो किल्ला पोर्तुगीजांनी १७०५ मध्ये घेऊन पुन्हा बांधून काढला. हे दोन बघून सत्तरीत गेलात तर मातीच्या ढिगाला आकार येतो. फर्मागुढीचा शिवाजी महाराजांचा किल्ला यात धरू नका. ते नवं स्मारक आहे. १६७५ मध्ये महाराजांनी आदिलशाहीकडून जिंकलेला फोंड्याचा जुना कोट तो नव्हे.

निघण्याआधी घरबसल्या एक काम करा. उपग्रहाच्या नकाशावर जुन्या तारखांची चित्रं पाहण्याची सोय असते. त्यातलं मार्च-एप्रिलचं चित्र निवडा. तेव्हा पानगळीची झाडं उघडी पडतात आणि सरळ रेषा, काटकोन, गोल डाग दिसू लागतात. पावसाळ्यातल्या चित्रात सगळंच हिरवं. सापडलेले बिंदू फोनमध्ये साठवून ठेवा, रानात नेट मिळेलच असं नाही. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, ड्रोन तर परवानगीशिवाय बाहेरच काढू नका. आणि गावात शिरल्यावर 'कोट' विचारा, जुन्या माणसाला विचारा. राखणदाराची, म्हणजे गावाच्या रक्षक देवाची जागा असेल तर चप्पल कुठे काढायची, फोटो चालतो का, हेही तोच सांगेल. देवराईतून फांदीही तोडायची नसते. कोयता घरीच बरा.

जायचं कधी? जून ते सप्टेंबर नाही. जळवांचा त्रास परवडला, पण शेवाळलेला जांभा पाय सरकवतो आणि पाणी पिऊन जड झालेली भिंत कुणाच्या स्पर्शाशिवायही बसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कमरेपर्यंत असतं आणि पायाखालचं काही दिसत नाही. मध्य जानेवारी ते फेब्रुवारीअखेर हा काळ सगळ्यात बरा. सकाळी आठ-नऊला ऊन तिरपं असतं, तेव्हा फूटभर उंचीचा वरवंडाही सावली टाकतो. दुपारी बाराला तोच सपाट दिसतो. म्हणजे सहाला निघायचं आणि दुपारपर्यंत काम उरकायचं. माणशी तीन लिटर पाणी लागतं. तिघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये: एक जखमी झाला तर दुसरा जवळ थांबतो, तिसरा मदत आणतो.

सगळ्यात मोठा धोका साप नाही, विहीर आहे. कोटातली विहीर जांभ्यात खोदलेली, बहुधा कठडा नसलेली आणि वर रानमोडीचं छत. पाच फुटी काठी पुढे टेकवत चाला. काठी बसली तरच पाऊल. कोरड्या रानात एका जागी हिरवेगार नेचे वर्तुळात दिसले तर तिथून मागे फिरा. तटावर चढू नका, त्याच्या बुडाशी बसून डबाही खाऊ नका. कमानीखाली उभं राहण्याआधी वर बघा: आग्या मोहोळ लटकत असेल तर अत्तर, धूर, आरडाओरडा सगळं बंद आणि मुकाट्याने दुसऱ्या वाटेने. जांभ्याच्या सड्यावर फुरसं असतं, लहानसं आणि दगडाच्याच रंगाचं, म्हणून भोकात, फटीत हात घालायचा नाही. चावलंच तर दोरी बांधू नका, चिरू नका. अंगठी-कडं काढा, अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. खाजकुयलीच्या सोनेरी लवेच्या शेंगा या दिवसांत वाळून तयार असतात. अंगाला लागल्या तर खाजवल्याने लव आणखी पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा.

राहिली गोचीड, आणि सत्तरीत हिला हलक्यात घेता येत नाही. माकडताप म्हणजे क्यासनूरचा ताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला. सत्तरीत २०१५ मध्ये त्याची साथ आली आणि काजू गोळा करायला रानात जाणारी माणसं त्यात सापडली. हिंडायला सोयीचे जे महिने, तेच गोचिडीच्या पिलांचे महिने, ही खरी अडचण. ही पिलं इतकी बारीक की अंगावर चढलेली कळत नाहीत. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, मोज्यांवर आणि घोट्यांना गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल किंवा डीट असलेलं मलम लावा. पाचोळ्यावर बसू नका, प्लॅस्टिकचं अंथरूण न्या. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात, आणि काखा, जांघा, कानांमागे, गुडघ्यांच्या मागे दुसऱ्याकडून बघून घ्या. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, चुना, पेटती काडी यांनी ती चटकन सुटत नाही, उलट चिडून जास्त लाळ सोडते. पुढच्या तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप, कपाळ फोडणारी डोकेदुखी, अंग मोडून येणं असं झालं तर घरी गोळी घेऊन थांबू नका. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की सत्तरीच्या रानात जाऊन आलोय, आणि तारीख सांगा. त्यावरूनच कोणती रक्ततपासणी करायची ते ठरतं.