रविवारच्या बरण्या

गेल्या रविवारी सकाळी लोणच्याच्या आणि मधाच्या सात रिकाम्या बरण्या घेऊन मी कोपऱ्यावरच्या, रिकाम्या काचा टाकायच्या पेटीपाशी गेले आणि पहिली आत टाकली. ती फुटल्याचा आवाज जर्मनीतल्या श्टुटगार्टमधल्या आमच्या गल्लीत असा काही घुमला, की समोरच्या आजोबांनी खिडकी उघडली आणि अगदी सौम्यपणे एवढेच म्हटले, “आज रविवार आहे.” उरलेल्या सहा बरण्या वाजू नयेत म्हणून पोटाशी धरून मी घरी परतले. काचा टाकायच्या वेळा पेटीवर लिहिल्या होत्या, हे मला मान्य आहे.

रविवारच्या विश्रांतीला इथे खुद्द राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले, म्हणजे पहिल्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेतले, ते कलम १९४९ च्या घटनेने तसेच पुढे चालू ठेवले. या शांततेचा जर्मन शब्द ‘रूअ’. लिहिताना त्यात ‘ह’ येतो, पण तो उच्चारत नाहीत, म्हणजे अक्षरसुद्धा नियम पाळते! भाषेच्या वर्गात बाई हा शब्द आमच्यावर ओरडूनच वापरत, त्यामुळे त्याचा अर्थ ‘गप्प बसा’ एवढाच असावा, अशी माझी समजूत होती. मात्र हॉटेलच्या दारावर ‘रूअटाग’ असले की ते त्या दिवशी बंद असते, निवृत्तीला ‘रूअश्टांड’ म्हणतात, आणि मेलेल्या माणसासाठी मागतात तीही ‘रूअ’च. आपला ‘निवांत’ त्याच्या सर्वांत जवळचा. नुसत्या निःशब्दतेला ‘श्टिल’ हा वेगळा शब्द आहे. बुडबुडे नसलेले पाणी हवे असले तरी ‘श्टिल’च मागावे लागते, आणि तान्ह्याला पाजण्याचे क्रियापदही त्यावरूनच आले आहे.

आपल्याकडे नियम नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतली रात्र १० ते ६ अशीच आहे आणि इथली ‘नाख्टरूअ’, म्हणजे रात्रीची शांतता, हीही साधारण त्याच तासांची. आमच्या नाशिकच्या घराजवळ ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी होती आणि गणपतीत कर्णा बांधायला तिचाच खांब सोयीचा पडे, ही गोष्ट वेगळी. पण त्याच गल्लीत एकदा सकाळी आमच्या कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, म्हणून शेजारच्या काकू “बरी आहेस ना गं?” असे विचारत आल्या होत्या आणि आई खरोखरच तापाने पडून होती. इथे माझ्या घरातून चार दिवस आवाज आला नाही, तर माझे कौतुकच होईल.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला मी त्या सहा बरण्या एकेक करून, जरा जोरातच, पेटीत टाकल्या. खिडकी उघडली नाही.