उणे ओळी

जुन्या प्रोजेक्टचा कोड उघडला की हमखास एक ओळ भेटते: 'सध्या लागत नाही, पण काढू नका.' पुढे कुणाची तरी आद्याक्षरं आणि खाली पानभर लांबीचं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा. आद्याक्षरांचा मालक केव्हाच पुण्याला गेलेला असतो (नाशिकचा प्रोग्रामर कधी ना कधी जातोच). फंक्शन मात्र इथेच.

असा कोड काढायला मला मनापासून आवडतं. लागणारी हत्यारं साधीच आहेत. पहिलं ग्रेप, फायलींमध्ये शब्द शोधणारा प्रोग्राम. केन थॉम्प्सनचं, १९७३ पासून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे. फंक्शनचं नाव द्यायचं, ते जिथे जिथे आलंय त्या सगळ्या ओळी समोर येतात. एकही आली नाही तर हात शिवशिवतात. पण दम धरावा लागतो. ते नाव क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) एखाद्या ओळीत बसलेलं असेल, डेटाबेसच्या रकान्यात असेल, नाहीतर दोन तुकडे जोडून ऐनवेळी तयार होत असेल. म्हणून मी फंक्शनच्या तोंडाशीच लॉगची एक ओळ टाकतो, म्हणजे ते चाललं की नोंद होते, आणि वाट बघतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर मार्चअखेर उलटू द्यायची. वर्षभर निपचित पडलेला कोड ३१ मार्चच्या रात्री उठून बसलेला पाहिलाय मी.

दुसरं गिट, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम. लिनस टोरव्हाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. एकदा कमिट झालेली, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेली, ओळ नंतर काढली तरी इतिहासात राहते, हवी तेव्हा परत आणता येते. एवढं असूनही लोक 'असू दे' म्हणून कोड कॉमेंट करून (चालणार नाही अशी खूण लावून) तिथेच ठेवतात. याला माझ्याकडे औषध नाही.

१९८२ मध्ये ॲपलच्या 'लिसा' संगणकावर काम करणाऱ्यांना दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा फॉर्म भरायला सांगितलं होतं. बिल ॲटकिन्सनने तेव्हा क्विकड्रॉचा, म्हणजे लिसाच्या पडद्यावर चित्रं काढणाऱ्या कोडचा, एक भाग नव्याने लिहिला. तो जवळपास सहापट वेगाने चालायला लागला आणि वर दोनेक हजार ओळी कमी झाल्या. पठ्ठ्याने फॉर्मवर लिहिलं, उणे २०००. पुढे काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. आमच्याकडे फॉर्मच्या जागी टाइमशीट आहे. मॅनेजर माणूस सज्जन, पण 'नवीन काय दिलं?' हे त्यालाही वरून विचारतात. मग मी 'साफसफाई' असं लिहितो आणि ते वाचायलाही कसंतरीच वाटतं.

मामाची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी चालू असताना गेलो होतो. मामा काडीवरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) बोटाने मोजत होता आणि पुढचं कात्रीने उडवत होता. मागून बायका डोळ्यांना पेस्ट लावत येत होत्या.

"कॉम्प्युटरवर दिवसभर करतो काय रे तू?"

"या आठवड्यात नुसतं काढलंच, मामा. जुनं, नको असलेलं."

त्याला त्यात नवल वाटलं नाही. पुढच्या वेलीकडे सरकत म्हणाला, "मग पैसे कापत्यात का?"

"नाही. पण काढलेलं कुणी कामात धरत नाही."

"येडे आहेत का? आमच्याकडं छाटणीवाले एकरी ठरवून घेतात. अन् उचल आधी मागतात!"