कुंभारणीचं घर

कोराडीच्या वीजकेंद्रात तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी राखणारे पीआयडी लूप (चूक मोजून आपोआप सुधारणारी यंत्रणा) ट्यून करणं हा माझा धंदा. त्यामुळे मे महिन्यात भाचा काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत ड्रोन घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, याचं कंट्रोल आपलं आपण जुळवून घेते," तेव्हा मला हसूच आलं.

ड्रोन पंखवालं. चार मोटरी वर उचलायला, मागे एक ढकलायला. जागेवर तरंगताना पंख म्हणजे नुसतं ओझं, तोल सगळा त्या चार मोटरींवर. पुढे वेग घेतला की पंख वजन उचलू लागतात आणि चौघींना सुट्टी. खरी कसरत या मधल्या काही सेकंदांत. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शेपटाची पट्टी तेवढीच वळवली तरी सेकंदाला 10 मीटरपेक्षा 20 मीटरवर तिचा झटका चौपट. एकाच गेनवर, म्हणजे चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं त्या आकड्यावर, दोन्ही निभत नाही. म्हणून कंट्रोलर हवेचा वेग बघून गेन कमी-जास्त करतो. (काटेकोर बोलायचं तर हे गेन शेड्यूलिंग. खरं ॲडॅप्टिव्ह कंट्रोल त्याच्याही वर बसतं आणि उरलेली चूक पाहून स्वतःला सुधारत राहतं.) आमच्याकडे ते लागतंही. मेच्या दुपारची हवा डिसेंबरच्या सकाळपेक्षा दहाएक टक्के पातळ, वर वावटळी.

दोन दिवस झकास उडालं. तिसऱ्या सकाळी वर गेलं, पुढे निघालं, पण त्या चार मोटरी थांबेचनात. आणि वेग वाढला तसं नाक खाली-वर, खाली-वर.

"काहून असं करून राहिलं हे?"

मी लॅपटॉपमध्ये डोकावलो. जीपीएसचा वेग 18, हवेचा 3. झाडाचं पान हलत नव्हतं.

"उतरव. तुझी नळी चोक आहे."

हवेचा वेग मोजणाऱ्या नळीच्या, पिटो ट्यूबच्या, तोंडात ओल्या मातीचा बोळा. रात्री ड्रोन शेडमध्ये होतं, कुंभारीण माशीने घर बांधायला घेतलं होतं. उडवण्याआधी नळीवर फुंकर मारून आकडा हलतो का पाहायचं काम माझ्याकडे होतं. चहा निवत होता, राहून गेलं.

कंट्रोलरचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या मते ड्रोन रांगत होतं, म्हणून पट्टी भरपूर वळवत होता आणि मोटरी चालू ठेवत होता. प्लांटमध्ये इम्पल्स लाइन (मीटरपर्यंत दाब नेणारी बारीक नळी) तुंबली की हेच. ड्रम रिकामा होतोय आणि पॅनलवर पातळी ठीक!

भाच्याला मग एक्स-15 या अमेरिकेच्या प्रायोगिक रॉकेट-विमानाची गोष्ट सांगितली. 15 नोव्हेंबर 1967. त्या विमानातही आपले गेन आपण बदलणारी यंत्रणा होती. खाली येताना ती स्वतःच्याच हेलकाव्यात अडकली, हवा दाट होत गेली तरी गेन उतरेना, आणि विमान हवेतच तुटलं. वैमानिक मायकेल ॲडम्स गेले. पोरगं बराच वेळ गप्प होतं.

आता नळीवर माझ्या बॉलपेनचं टोपण असतं, लाल रिबन बांधलेलं. ते काढून फुंकर मारायची आणि मगच चहा.