सायकल ठेवायची की बदलायची

रविवार, रात्र

किती दिवस ओढणार आहेस ती सायकल, नवी घे, असं घरचे बरेच दिवस म्हणताहेत. त्यांचं अगदीच चूक नाही. चढाला जोर लावला की चेन दातांवरून सटकते, मागचं चाक डुगडुगतं, आणि पावसात ब्रेक दाबून धरला तरी सायकल पुढे जातच राहते. रोज कामावर जायचं तर हे चालणार नाही. म्हणून आज दुपारी सायकल उलटी केली आणि एकेक भाग बघायला बसले.

आधी चेन. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे नव्या चेनचे २४ सांधे बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच वाढले की चेन बदलायची वेळ आली, आणि एक अष्टमांश वाढले की फ्रीव्हीलही, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्रही, गेलं असं धरून चालायचं. माझी पट्टी अष्टमांशाच्याही पुढे गेली. चेन रबरासारखी ताणली जात नाही. आतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली केसभर पोकळी साठत जाते. फ्रीव्हीलचे दातही मग त्याच मापाने झिजतात, म्हणून जुन्या फ्रीव्हीलवर नुसती नवी चेन टाकून उपयोग नाही. दोन्ही बदलायचं.

मागचा एक्सल काढून त्यावरचा कोन, म्हणजे निमुळता नट, उजेडात धरला. छर्रे फिरतात त्या जागी बारीक खड्डे पडलेत. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आतली कटोरी कापडाने पुसून तिच्यावर नख फिरवलं, कुठेच अडकलं नाही. कटोरी खराब असती तर हबच गेलं असतं. आता कोन आणि छर्रे नवे घातले की झालं.

खरी भीती फ्रेमची होती. बीबीच्या, म्हणजे पायडलचा एक्सल बसतो त्या नळीच्या, मागे रंगावर एक तांबूस रेघ दिसली आणि पोटात गोळाच आला, कारण तडा गेला की गंज असाच रेघेने बाहेर येतो. पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेले. रंग निघाला, गंज निघाला, खाली लखलखीत सलग लोखंड. रेघ फक्त रंगातच होती! हँडलखालच्या नळीचे सांधे, पुढचं चाक धरणारा चिमटा, मागचा एक्सल बसतो त्या खाचा, सगळं तपासलं. सीटची नळीही सहज वरखाली होते, गंजून बसलेली नाही.

दुरुस्तीचा खर्च नव्या सायकलच्या निम्म्यावर गेला की नवी घ्यावी, असं सगळे सांगतात. मला हा हिशोब पटत नाही. चेन, फ्रीव्हील, टायर, ब्रेकशू नव्या सायकललाही काही वर्षांनी बदलावेच लागतात. तो चालवण्याचा खर्च आहे, सायकल जुनी असण्याचा नव्हे. तो वजा केला तर माझ्या यादीत कोन, छर्रे आणि पुढची रिम एवढंच उरतं. आणि तुलना करायचीच तर इतक्याच भक्कम नव्या सायकलशी करायला हवी, सगळ्यात स्वस्त सायकलशी नाही.

रिमचा प्रश्न मात्र गंभीर आहे, तिथे तडजोड करणार नाही. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेकचं रबर धरतच नाही, ॲल्युमिनियमवर बरंच बरं धरतं. मागच्या हबला स्पोकची ४० भोकं आहेत आणि तेवढ्या भोकांची ॲल्युमिनियमची रिम सहजी मिळत नाही. पुढच्याला ३२ आहेत, ती मिळते. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, त्यामुळे तूर्त पुढची रिम आणि स्पोक नवे, हब तेच. जुन्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, नवीचा ६२२. म्हणजे ब्रेकशू साडेसहा मिलिमीटर खाली यायला हवेत. कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकशू धरणाऱ्या हातांच्या, खाचेत तेवढी जागा आहे का, ते उद्या उजेडात मोजते. नसेल तर लांब हाताचा कॅलिपर घ्यावा लागेल, पण सायकल तीच राहील.