भिंतीकडे तोंड

तासगावकडच्या एका वस्तीवर ऑक्टोबरात पहिल्यांदा गेले, तेव्हा द्राक्षांच्या छाटणीची गडबड होती. घरात फक्त सून आणि आजारी सासू. अडीच महिन्यांपूर्वी आजींच्या अंगावरून वारं गेलेलं. आमच्याकडे पक्षाघाताला असंच म्हणतात. डावा हात, डावा पाय लुळा. दवाखान्यातून सोडताना दिलेल्या कागदावर शेवटी एक ओळ होती, ‘फिजिओथेरपी करावी’. कुठं, कधीपासून, कशासाठी, काही नाही. गेलेलं परत मिळवायला पहिले तीन महिने सगळ्यात मोलाचे, त्यातले अडीच असे गेले. असे कागद मला वरचेवर बघावे लागतात आणि दर वेळी तेवढाच राग येतो.

डावा खांदा चाचपला. टोकाच्या हाडाखाली दोन बोटं बसतील एवढी खाच. सांधा धरून ठेवणारे स्नायू ढिले पडले की हाताच्या नुसत्या वजनानं दंडाचं हाड खाली उतरतं. त्यात तोच हात धरून माणसाला ओढलं की दुखणं कायमचं मागं लागतं. “उठवता कसं?” मी विचारलं. वहिनींनी डावं मनगट धरून ओढून दाखवलं. आजी कळवळल्या.

मी तडकले. हात मोडायचा आहे का, असंसुद्धा बोलून गेले.

वहिनी खाली बघत म्हणाल्या, “पलीकडनं भिंत हाय, मॅडम.”

खरंच होतं. खाट उजव्या अंगानं भिंतीला टेकवलेली, माणसाला जागा फक्त डावीकडून. आणि आजींचं तोंड भिंतीकडे. मी आल्यापासून त्यांनी मान वळवलीच नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

“माझ्याकडं बघतच न्हाईत,” वहिनी सांगू लागल्या. “मी आले की भित्तीकडं तोंड. माझ्या हातची भाकरी शिवत न्हाईत, भात तेवढा खात्यात.” दिसत नसेल म्हणून मुलानं चष्म्याचा नंबरही बदलून आणला होता.

अशा वेळी कागदावरच्या रेघा खोडायला देतात. आजींना कागद-पेन्सिलची सवय नव्हती, म्हणून मी परातीत शेंगदाणे पसरले आणि सगळे वेचायला सांगितले. उजवीकडचे त्यांनी भराभर वेचले. परातीच्या मधोमध रेघ ओढावी तसे डावीकडचे जागच्या जागी.

“झाले सगळे?”

“झाले की.”

डोळ्यांत दोष नव्हता. मेंदूचा डावा भाग मुख्यतः उजवीकडचं भान ठेवतो, उजवा भाग दोन्हीकडचं. त्यामुळे उजव्या भागाला इजा झाली की डावीकडचं भान सांभाळायला कुणी उरत नाही. तिकडचा हात, तिकडचं माणूस, ताटातली तिकडची भाकरी, सगळंच जमेतून जातं.

दुपारी ताट आलं. भात उजवीकडे, भाकरी डावीकडे. भात संपल्यावर मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं.

“अगं, भाकरी कवा वाढलीस?” आजी म्हणाल्या आणि तुकडा मोडून खाऊ लागल्या.

वहिनी बराच वेळ उभ्याच होत्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हंजे रुसल्या नव्हत्या आत्या?”

पुढचं काम नेहमीचं. खाट भिंतीपासून ओढली. डाव्या मनगटात लाल बांगड्या, म्हणजे तिकडे नजर जावी. बसताना हाताखाली उशी. बोलणाऱ्यानं आधी समोर उभं राहायचं आणि मग हळूहळू डावीकडे सरकायचं, म्हणजे आवाजामागे मान वळते. उठवताना हात धरायचा नाही, पाठीमागून खांद्याच्या पात्याला आधार द्यायचा.

वहिनी एकदा दाखवलेलं विसरत नाहीत. अडीच महिने हगणं-मुतणं काढणं, जेवू घालणं, कूस बदलणं त्यांनी एकटीनं केलं. आजींच्या पाठीवर एकही व्रण नाही, आणि हे काय मोलाचं असतं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारावं. मी मात्र दहा मिनिटांत मनगट धरलेलं तेवढं पाहिलं.

तीन आठवडे झाले. परातीत डावीकडे आता मोजकेच दाणे उरतात. खांद्यातली खाच अजून आहे. आजींना उठवण्याआधी वहिनी अजून दर वेळी माझ्या तोंडाकडे बघतात.