पाणी केवळ द्रावक नव्हे

अभिक्रियेचे समीकरण लिहिताना पाण्याची नोंद बाणाच्या डोक्यावर करायची आणि पुढे जायचे, ही आपली जुनी सवय आहे. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या संयुक्त हस्तांतरणाचा, म्हणजे एकाच अभिक्रियेत हे दोन्ही कण रेणूतून निघून अन्यत्र जाण्याचा, विचार करताना मात्र ही सवय दिशाभूल करते, असे माझे मत झाले आहे.

मूळ पेच वस्तुमानाचा आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे 1836 पट जड असतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन प्रथिनाच्या आतून 10 ते 15 अँगस्ट्रॉमचे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) अंतर टनेलिंगने, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न चढता त्यातून आरपार जाऊन, पार करू शकतो, तर प्रोटॉनची उडी एका हायड्रोजन बंधापुरतीच मर्यादित राहते. साहजिकच प्रोटॉन स्वीकारणारा रेणू अगदी लगत असावा लागतो, आणि पुष्कळदा तो पाण्याचाच असतो. पुढचा प्रवास एका रेणूकडून लगतच्या रेणूकडे असा पाण्याच्या रेणूंच्या साखळीतून होतो. ही कल्पना रसायनशास्त्रज्ञ ग्रोटहुस यांनी 1806 मध्ये मांडली, तेही पाण्याचे रेणुसूत्र निश्चित झालेले नसताना! पाण्यात प्रोटॉन सोडियम आयनाच्या सुमारे सातपट चपळ असतो, तो याच साखळीमुळे.

प्रकाशसंश्लेषणातील फोटोसिस्टिम-2 या प्रथिन-संकुलातील टायरोसीन-161 या अमिनो आम्लाचे (आकडा प्रथिनाच्या साखळीतील क्रमांक) उदाहरण पाहण्यासारखे आहे. टायरोसीनमधील क्रियाशील गट फिनॉलचा असतो. फिनॉलचा पीकेए (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे 10 असतो, पण त्यातून एक इलेक्ट्रॉन काढताच तो उणे 2 च्या आसपास घसरतो. असा तीव्र आम्लधर्मी मध्यस्थ तयार होणे ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते. म्हणून इलेक्ट्रॉन निघताना प्रोटॉनही शेजारच्या हिस्टिडीन-190 या दुसऱ्या अमिनो आम्लाकडे सरकतो. येथे प्रोटॉन पाण्याकडे जात नाही हे खरे, परंतु 2011 मध्ये 1.9 अँगस्ट्रॉम विभेदनाने मिळालेल्या संरचनेत टायरोसीनच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने जोडलेले पाण्याचे रेणू स्पष्ट दिसतात, आणि टायरोसीन व हिस्टिडीन यांच्यातील जेमतेम अडीच अँगस्ट्रॉमचा आखूड बंध घडवण्यात त्यांचा हात असल्याचे संगणकीय अभ्यास सुचवतात.

प्रयोगांचा अर्थ लावणे अधिक अवघड आहे. जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनऐवजी त्याचा जड समस्थानिक ड्युटेरियम असतो) अभिक्रियेचा वेग मंदावला, तर प्रोटॉनचा सहभाग सूचित होतो, पण त्यात पाण्याशी अदलाबदल होऊ शकणारे सगळेच हायड्रोजन बदललेले असतात. वेग सामूनुसार (pH) बदलला, तरी प्रोटॉन पाण्याने घेतला, हायड्रॉक्साइडने घेतला की बफरमधील (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातील) आयनाने, हे त्यावरून ठरत नाही. बफरची संहती बदलून वेग मोजलेला नसेल, तर पाण्याला श्रेय देणारा निष्कर्ष मी तरी राखूनच वाचतो.